युगांडातल्या मिशन-रुग्णालयात दोन वर्षं: बॅगेत काय भरावं?

भायखळ्याची_आई

नमस्कार. पहिल्यांदाच धागा काढतेय, विभाग चुकला असेल तर ॲडमिननी हलवावा.

माझी लेक स्टाफ नर्स आहे. सप्टेंबरच्या शेवटी ती युगांडाला निघतेय. फोर्ट पोर्टल शहराच्या पुढे मिशनचं एक रुग्णालय आहे, तिथे दोन वर्षं सेवेसाठी. आमच्या मंडळीतून इतक्या लांब आजवर कुणी गेलेलं नाही. पाळकसाहेबांनी रविवारच्या उपासनेत तिला पुढे बोलावून प्रार्थना केली आणि तेव्हापासून घरी माणसांची रीघ लागलीय. रिकाम्या हाताने कुणीच येत नाही. दिवाणावर ढीग झालाय: सहा टी-शर्ट, दोन जीन्स, एक जाड रेनकोट, डास मारायची रॅकेट, लोणच्याच्या बरण्या आणि तिच्या मामाने आणलेली लष्करी छापाची टोपी.

तिकिटावर २३ किलोच्या दोन बॅगा आहेत. तिकडून एक यादी आलीय, पण ती वाचून धीर येत नाही. ऊन कडक असतं, घाम येतो, सुती कपडे आणा, पाणी भरपूर प्या. भायखळ्यात वाढलेल्या मुलीला हे वेगळं सांगायला हवं का? ती यादी थंड देशातून येणाऱ्यांसाठी लिहिलेली दिसते. आपल्याकडून जाणाऱ्याला काय लागतं, काय लागत नाही, हे तिथे राहिलेलं कुणी असेल तर कृपा करून सांगा. रात्री झोप लागत नाहीये.

वसईचा_वारा

ताई, आधी ती टोपी काढून ठेवा. युगांडात लष्करी छापाचे कपडे सामान्य माणसाने घालायला कायद्याने बंदी आहे. टोपी, पँट, पिशवी, काहीच नको. मामांना वाईट वाटेल, पण समजावून सांगा.

माझे धाकटे काका फादर आहेत, पूर्व आफ्रिकेत अकरा वर्षं होते. पहिल्या वर्षी त्यांनी घरी पत्र पाठवलं ते स्वेटर मागायला! विषुववृत्त म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मे महिन्यातली दुपारची लोकल येते. पण फोर्ट पोर्टल समुद्रसपाटीपासून साधारण १५०० मीटरवर आहे, म्हणजे महाबळेश्वरपेक्षाही थोडं उंच. शेजारी रुवेन्झोरीचे डोंगर, त्यांचा माथा ५१०९ मीटर, वर बर्फ. चहाचे मळे आहेत त्या भागात, यावरून हवा ओळखा. दुपारी ऊन लागेल, पण पहाटे अंगावर शाल हवीच. रात्रपाळी असेल तर नक्कीच. एक अर्ध्या बाह्यांचा स्वेटर, एक पूर्ण बाह्यांचा, एक शाल आणि पायमोजे. एवढ्यावर भागतं.

भायखळ्याची_आई

बापरे. स्वेटर तर मी कालच वरच्या फळीवर टाकले होते. आभारी आहे हो. टोपी मामाला परत दिली.

सिस्टर_निवृत्त

धागा वाचून राहवलं नाही, म्हणून मोठा प्रतिसाद लिहितेय. मी मुंबईत पालिकेच्या रुग्णालयात होते, त्याआधी तरुणपणी पश्चिम युगांडात तीन वर्षं काम केलं. वरच्या प्रतिसादातलं सगळं बरोबर आहे. त्यात माझं थोडं.

कपडा निवडताना "यात गरम होईल का" हे विचारू नका. "हा किती वेळात वाळेल" हे विचारा. तुमची मुलगी पोचेल तेव्हा तिथे दुसरा पाऊस सुरू असेल. तिथे पावसाचे दोन हंगाम असतात, साधारण मार्च ते मे आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर. आपल्यासारखी चार महिन्यांची झड नसते, पण दुपारी आभाळ भरून येतं, तासभर कोसळतं आणि दोरीवरचे कपडे पुन्हा ओले. जीन्स तीन दिवस वाळत नाही. जाड टर्किश टॉवेल वाळत नाही, त्याला आंबूस वास येतो. पंचा न्या. दोन पंचे, एक अंग पुसायला आणि एक डोक्याला. माझे पंचे तीन वर्षं टिकले आणि परत येताना तिथल्या सहकारी सिस्टरने आठवण म्हणून मागून घेतले.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. तिथे एक माशी असते, टुंबू. काही जण मँगो फ्लाय म्हणतात. ती ओल्या, दमट कपड्यांवर अंडी घालते. आपण कपडे दोरीवरून काढून घालतो, अंगाच्या उबेने अळी बाहेर येते आणि कातडीत शिरते. आपल्याला वाटतं गळू झालंय. मला पाठीवर, बरोबर ब्रेसियरच्या पट्टीखाली दोन झाली होती. ठणका असा की पाठ टेकवता येईना. मी नवखी, गळू समजून दाबायला निघाले होते. तिथल्या वयस्क दाईने हात धरला, वर व्हॅसलीनचा जाड थर लावला, हवा मिळेना तशी अळी तोंड वर काढायला लागली आणि मग तिने ती अलगद काढली. दाबायचं नाही, अळी आत फुटली तर पू होतो.

उपाय सोपा आहे आणि तो रोज करावा लागतो: प्रत्येक कपड्याला कडक इस्त्री. शिवणी, नाडीचा नेफा, कमरेचं इलॅस्टिक, सगळं दोन्ही बाजूंनी. आतले कपडे, मोजे, चादर, उशीचा अभ्रा, पंचासुद्धा. जमेल तिथे जाळीच्या खिडकीआड घरातच वाळत घालायचं आणि गवतावर कपडा कधी पसरायचा नाही. म्हणून ज्याला कडक इस्त्री सोसत नाही, असा कपडाच बॅगेत टाकू नका. नायलॉनची लेस, सिंथेटिक आतले कपडे, चमकणारी स्लिप, नकोच. साधे सुती घ्या, दहा-बारा जोड घ्या. इथे आया डझनभर कुर्ते देतात आणि आतले कपडे चार. उलट करा.

वीज जाते तेव्हा काय, असं विचाराल. तिथे अजून कोळशाची इस्त्री चालते, अगदी आपल्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्याकडे असते तशी. ती हाताळायची सवय इथूनच करून गेली तर बरं.

अजून लिहायचंय, पण आता नातवाला आणायला जायचंय.

मंगलदासचा_माणूस

सिस्टर, तुमच्या प्रतिसादाला मनापासून नमस्कार. मी २२ वर्षं कापडाच्या दुकानात आहे, म्हणून फक्त कापडाबद्दल बोलतो.

गरम हवा म्हटलं की गिऱ्हाईक मलमल मागतं. इथे मलमल चुकेल. ती विरळ असते, अंगाला चिकटली की डास आरपार चावतो. रोज कडक इस्त्री आणि हाताने धुणं म्हटलं तर सहा महिन्यांत विरेल. पॉपलिन घ्या किंवा मध्यम वजनाची खादी. वीण घट्ट, पण हवा खेळते. आणि कुर्ता अंगापासून चार बोटं सुटा शिवा. डासाची सोंड कापडातून आत येते, पण मध्ये हवेचा थर असला की कातडीपर्यंत पोचत नाही.

रंग फिका ठेवा. मातकट, फिका हिरवा, करडा. गडद निळा आणि काळा नको. त्से त्से माशीला (आफ्रिकेतली, चावून झोपेचा आजार पसरवणारी) गडद निळा रंग खेचतो, तिला पकडायच्या सापळ्यांचं कापडही म्हणूनच निळं असतं. या माशीचा त्रास ताईंच्या लेकीच्या गावात असेल की नाही मला ठाऊक नाही, पण रंग निवडताना काही बिघडत नाही.

शिवायला टाकण्याआधी कापड रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा. पॉपलिन आटतं. शिंप्याला सांगून शिवणीत कापड जास्त सोडायला लावा, दोन वर्षांत माणूस बारीक होतो किंवा भरतो.

डोंबिवली_फास्ट_नाही

एवढं सगळं इथून का न्यायचं? कंपालात ओविनो म्हणून प्रचंड बाजार आहे, वापरलेल्या कपड्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे येतात तिथे. माझा भाऊ कंपनीच्या कामाने कंपालात होता, सगळे शर्ट तिथेच घेतले त्याने. शिवाय गावोगावी शिंपी आहेत. कितेंगे म्हणून छापील सुती कापड मिळतं, सुंदर असतं. इथून ४६ किलो ओढत नेण्यापेक्षा एक बॅग न्यावी आणि तिथल्या माणसांकडून विकत घ्यावं. त्यांनाही चार पैसे मिळतील.

सिस्टर_निवृत्त

तुमचं म्हणणं मला पटतं. झगे, स्कर्ट, छत्री, गमबूट, बादली, सगळं तिथेच घ्यावं. पण चार गोष्टी मनासारख्या मिळत नाहीत: आपल्या मापाचे सुती आतले कपडे, पायाला बसलेले ड्युटीचे बूट, चष्मा आणि रोजची औषधं. या इथूनच, आणि जोडीजोडीने. चष्मे दोन, नंबरची चिठ्ठी वेगळी. बूट दोन जोड, बंद आणि धुता येणारे. चामड्याचे नकोत, आपल्याकडे जुलैत कपाटात बूट पांढरे होतात ना, तसेच होतात. आणि उघड्या पायांनी अंगणात जायचं नाही, तिथल्या मातीत जिगर नावाची पिसू असते, ती नखाच्या कडेला शिरते.

आता पोशाख. खेड्यात बाईमाणसाने गुडघ्याखाली स्कर्ट किंवा झगा घालावा अशी अपेक्षा असते, चर्चमध्ये तर असतेच. जीन्स घातली तर कुणी तोंडावर बोलणार नाही, पण म्हाताऱ्या बायका मोकळेपणाने बोलायला बसणार नाहीत. आणि नर्सला त्यांनी मोकळेपणाने बोलायला हवं असतं. कुठे दुखतं ते त्या डॉक्टरला सांगत नाहीत, सिस्टरला सांगतात. मी लांब कुर्ता आणि खाली घेरदार स्कर्ट घालायचे. पंजाबी ड्रेसची ओढणी सोडू नये, ऊन, धूळ, थंडी, बाळ गुंडाळणं, सगळ्याला उपयोगी.

एक सांगावंसं वाटतं. तिथल्या बायका सणासमारंभाला गोमेसी नेसतात, खांद्याला टोकं काढलेल्या बाह्या आणि कमरेला रुंद पट्टा. ते नाव गोमेस नावाच्या गोव्याकडच्या शिंप्यावरून पडलं असं सांगतात. मला निरोपाला त्यांनी गोमेसीच दिली. नाताळच्या उपासनेला मी अजून तीच नेसते.

डॉ_पावसाळी

डॉक्टर म्हणून काही मुद्दे, कपड्यांशी जोडलेले.

पिवळ्या तापाची लस. युगांडात प्रवेशाला प्रमाणपत्र लागतं आणि ते लस घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरतात. शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका. अधिकृत सरकारी केंद्रातच घ्या, प्रमाणपत्राचं पिवळं पुस्तक तिथेच मिळतं. २०१६ पासून हे प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. परत येताना भारतातही ते तपासतात, नसेल तर सहा दिवस विलगीकरणात ठेवू शकतात. मूळ प्रत हाताच्या पिशवीत, एक फोटो तुमच्या फोनवर.

मलेरिया. त्या भागात वर्षभर असतो. मुंबईत मलेरिया पाहिलाय म्हणून तो हलका समजू नका. तिथला बहुतांश फॅल्सिपॅरम, मेंदूपर्यंत जाणारा. प्रतिबंधक गोळी कोणती ते तिच्या प्रकृतीप्रमाणे तिचे डॉक्टर ठरवतील. त्यांनी डॉक्सिसायक्लिन दिली तर लक्षात ठेवा, त्या गोळीने कातडी उन्हाला हळवी होते, लवकर भाजते. म्हणजे पूर्ण बाह्या डासांसाठीही आणि उन्हासाठीही. रुंद काठाची टोपी हवी. सनस्क्रीन आधी लावायचं, ते मुरलं की वर डासांचं मलम. गोळी भरपूर पाण्याबरोबर, आणि लगेच आडवं व्हायचं नाही.

मलेरियाचा डास रात्री चावतो. तिथे बाराही महिने सूर्य सातच्या आसपास मावळतो. त्याआधी पूर्ण बाह्या आणि मोजे घालायची सवय लावावी. मच्छरदाणी औषध लावलेली न्या आणि टांगायला दोरी, हुक सोबत ठेवा. रॅकेट राहू दे.

भायखळ्याची_आई

डॉक्टर, लस पुढच्या सोमवारी. रॅकेट शेजारच्या मुलाला दिली. सिस्टर, तुमचा प्रतिसाद मी दोनदा मोठ्याने वाचून दाखवला. लेक म्हणाली, आई, ही बाई खरंच तिथे राहिलेली आहे.

आळंदी_ते_पंढरी

मी ख्रिस्ती नाही, वारकरी आहे. नऊ वर्षं पायी वारी करतोय. अडीचशे किलोमीटर, ऐन पावसात, एका पिशवीवर. म्हणून धाग्यात डोकावलो. ताईंची मुलगी परक्या मुलखात आजाऱ्यांची सेवा करायला निघालीय, तिला माझा रामराम सांगा.

दोनच गोष्टी. कपड्यांचे जोड वेगवेगळ्या प्लास्टिक पिशवीत बांधायचे, एक पिशवी एक दिवस. पिशवी उघडली की कुर्ता, खालचं, आतलं, मोजे, सगळं एकत्र हातात येतं. पाऊस आत शिरला तरी एकच जोड भिजतो. आणि पाय. ओल्या मोज्यात दिवसभर चाललं की बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात. रात्री पाय धुवून, बेचक्या कोरड्या पुसून खोबरेल लावायचं. कितीही दमलेलं असलं तरी हे केल्याशिवाय झोपायचं नाही. रुग्णालयात बारा तास उभं राहणाऱ्या पोरीलाही तेच लागू.

गिरगावची_नात

गिरगावातल्या आंब्रोली चर्चमध्ये आजीचं बोट धरून जायचे, त्यामुळे हा धागा वाचताना आत काहीतरी हललं. १८१३ च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मुंबईत उतरले, अमेरिकन मराठी मिशन तिथून सुरू झालं. हॉल १८२६ मध्ये नाशिककडच्या प्रवासात पटकीने गेले. त्या शतकात इथे येणारे गोरे लोक काय भरून आणत, तर पोटाला गुंडाळायचा फ्लॅनेलचा पट्टा. पोटाला गार वारा लागला की पटकी होते अशी समजूत होती. ती पाण्यातून येते हे कळल्यावरही कितीतरी वर्षं लष्करात ते पट्टे वापरले गेले. मुंबईच्या उकाड्यात पोटाला लोकर, आणि पाणी न उकळलेलं! त्यांना कुणी सिस्टर_निवृत्त भेटल्या नव्हत्या.

आज आपल्याच भायखळ्यातून एक मुलगी तशीच निघालीय, याचा मला फार आनंद आहे. लोहार चाळीतून तीन चपट्या पिनांचा, ब्रिटिश पद्धतीचा प्लग आणायला विसरू नका. दाब आपल्याइतकाच असतो, फक्त आपली गोल पिन तिथे बसत नाही. डोक्याला बांधायची बॅटरीही घ्या. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, मोठ्या बॅगेत चालत नाही.

तरुण_संघ_ठाणे

पाळीचं कुणी लिहिलं नाही म्हणून विचारते. कापडी पॅड न्यावेत का? आमच्या संघातल्या मुली हल्ली तेच वापरतात.

सिस्टर_निवृत्त

विचारलंस ते फार बरं केलंस. कापडी पॅड वाळायला ऊन हवं, आणि बाहेर वाळत घातले की टुंबूचा प्रश्न. प्रत्येक पॅडला इस्त्री होणार असेल तरच. पाळीच्या कपची सवय असेल तर तो उत्तम, पण सवय इथे, घरी, तीन-चार महिने आधी करायची. नाहीतर साधे पॅड, शहरात मिळतात, पहिल्या तीन महिन्यांचे सोबत न्यावेत.

भायखळ्याची_आई

सगळ्यांना कळवते. बॅग भरून झाली.

काल संध्याकाळी लेक खाली इस्त्रीवाल्या काकांकडे गेली. त्यांनी आधी विचारलं, शिकून काय करणार? तिने माशीचं सांगितलं तसे ते गंभीर झाले. स्टूल दिलं, स्वतः उभे राहिले. निखारे भरल्यावर झाकण लावून वाऱ्याकडे तोंड करून इस्त्री हलवायची, म्हणजे राख उडून जाते, नाहीतर पांढऱ्या कपड्यावर पडते. बोट ओलं करून तळाला नुसतं टेकवायचं, चुर्र झालं की तयार. नेफ्यावर आधी पाण्याचा हबका, मग टोकाने दाबून दाबून पुढे जायचं. तिने स्वतःचे सहा युनिफॉर्म केले. दुसऱ्याला थोडा डाग पडला. काकांनी पैसे घेतले नाहीत. म्हणाले, बेटी, उधर जाके हमारा नाम लेना.

जीन्स दोन्ही काढल्या. टी-शर्ट दोनच. पॉपलिनचे पाच कुर्ते, चार घेरदार स्कर्ट, सुती आतले बारा जोड, पंचे तीन, दोन स्वेटर, माझी जुनी शाल. पवित्र शास्त्र आणि गीतांचं पुस्तक वेगळ्या प्लास्टिक पिशवीत. लोणच्याची एकच बरणी, हिंग, थोडा गोडा मसाला. पहिली बॅग २१ किलो, दुसरी १४. उरलेल्या नऊ किलोत रुग्णालयातल्या बाळांसाठी आमच्या महिला मंडळाने विणलेल्या टोप्या आणि दुपटी भरली, ती सगळी सुती, इस्त्री सोसणारी. सिस्टर, हे मी मुद्दाम सगळ्यांना सांगून करून घेतलं.

वसईचा_वारा

आमच्या घरी आज रात्रीच्या प्रार्थनेत तिचं नाव घेतलं. काकांनीही घेतलं.

भायखळ्याची_आई

धागा वर काढतेय, तीन आठवडे झाले. सुखरूप आहे. पहिल्याच रात्री शाल लागली. दुपारी रोज पाऊस, कपडे जाळीच्या व्हरांड्यात वाळतात, इस्त्री एक दिवसाआड. वीज चार दिवस नव्हती तेव्हा कोळशाची चालवली, सोबतच्या दोघी परदेशी मुलींचे कपडेही तिनेच केले. त्यांच्यातल्या एकीला दंडावर टुंबू झालं होतं, हिने व्हॅसलीन लावून काढलं.

पुढच्या महिन्यात तिकडे एक डॉक्टर चाललेत, त्यांच्याबरोबर पाठवायला तिने तीनच गोष्टी मागितल्यात: अजून दोन पंचे, जाड सुया आणि पांढरा दोरा. पंचे दादरला कुठे चांगले मिळतात? माझ्या नेहमीच्या दुकानातले फार पातळ निघाले.

मंगलदासचा_माणूस

ताई, दादरला जाऊ नका. शनिवारी दुपारी आमच्याकडे या, मी सोलापुरी काढून ठेवतो. सुया-दोरा भुलेश्वरला घेऊ.